पंचेचाळीस डिग्रीतला जर्दाळू गुलाब

जर्दाळू रंग म्हणजे नेमका कोणता? ऑफिसात कुणालाही विचारून बघा. ‘ॲप्रिकॉट’ म्हटलं की माना लगेच डोलतात, कारण त्या शेडची लिपस्टिक किंवा कुर्ता कुणाकडे तरी असतोच. पण तेच मराठीत विचारलं की सगळे गोंधळतात. आपल्याला माहीत असतो तो सुकामेव्याच्या पुडीतला, तपकिरी, सुरकुतलेला जर्दाळू. किंवा इराण्याकडच्या सल्ली बोटीतला. ताजं फळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं, मग रंग कुठून कळणार?

तर सांगते. अबोली जरा पिवळ्याकडे झुकवायची आणि त्यात दोन चमचे साय कालवायची. किंवा पिकलेल्या पपईची फोड उजेडात धरायची. हा रंग गुलाबावर आला, त्यात पाकळ्या शंभराच्या आसपास, फूल वाटीसारखं गोल आणि वर वास असा की दोन हातांवरून यावा, तर काय होईल? आमच्या मामांचं जे झालं ते होईल. माणूस कामातून जाईल.

(जाता जाता एक गंमत. ‘जर्दाळू’ फारसी, जर्द म्हणजे पिवळा आणि आलू म्हणजे आलुबुखारातला आलू. ‘गुलाब’सुद्धा फारसी; गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. म्हणजे ज्याला आपण गुलाब म्हणतो ते खरं तर गुलाबपाणी. ‘जर्दाळू गुलाब’ हे दोन शब्द बोललात की तुम्ही न शिकता फारसी बोललात!)

मामा राहतात पहूरला. जळगावहून अजिंठ्याची लेणी बघायला गेला असाल तर पहूर तुमच्या वाटेत लागलंय. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी दोन गावं, जामनेर तालुका, चहूकडे कपाशी. एके काळी पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची ‘पीजे’ गाडी इथे थांबायची. ती २०२० साली करोनात बंद पडली. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा ठिकाणी इंग्लंडच्या दमट, ढगाळ हवेसाठी तयार झालेला गुलाब लावायचा म्हणजे हौसच म्हणायची. निदान मला आधी तसंच वाटलं होतं. पण मामांच्या डोक्यात हौस नव्हतीच.

झालं असं की, एप्रिल २०२१च्या दुसऱ्या लाटेत मामींना करोना झाला. घरातच बऱ्या झाल्या, पण वास गेला. आपल्यातल्या अनेकांचा तेव्हा गेला आणि दोन-तीन आठवड्यांत परतही आला. मामींचा आला नाही. शहरातल्या माणसाला वाटतं, वास काय, नसला तर नसला. मामींच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघा. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, त्या धुराचा वास म्हणजेच खानदेशी भरीत. तो वासच गेला तर उरतो नुसता मऊ लगदा. दूध करपलेलं कळत नाही. डाळ लागली हे दुसऱ्या खोलीतून कुणीतरी ओरडून सांगायचं. आणि गॅस! सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. मामींसाठी ते मिसळलेलं, न मिसळलेलं सारखंच. मामा रात्री दोनदा उठून रेग्युलेटर बघायचे.

जळगावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. हो, असा व्यायाम असतो. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल नावाच्या संशोधकाच्या गटाने २००९ साली त्याचा अभ्यास छापला होता. चार वास, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. दिवसातून दोनदा, प्रत्येक वास दहा-दहा सेकंद, लक्ष देऊन हुंगायचा. असं १२ आठवडे. काहींना फायदा होतो, काहींना नाही. करोनानंतर जगभरच्या डॉक्टरांनी हाच व्यायाम लोकांना दिला.

आता निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये मिळतं, लवंग डब्यात असते, लिंबू परसात. अडलं ते गुलाबावर. बाजारातलं गुलाबपाणी मामांनी स्वतः हुंगून बघितलं आणि म्हणाले, “ह्याचा वास मलेच येत नाही, तिले कुठून येईन?” मग जळगावहून फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे लालभडक गुलाब आणले. तेही तसेच. दिसायला हिरो, वासाला शून्य.

हा अनुभव तुम्हालाही आहेच. व्हॅलेंटाइनला डेस्कवर येणारा गुलाब नाकाला लावून बघा. तळेगावच्या पॉलिहाऊसमधून निघणारी ही फुलं निवडलीच जातात ती दांडा किती लांब, कळी किती दिवस टिकते, खोक्यातून प्रवास किती सोसते यावर. वासाला त्या यादीत जागा नसते. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की गुलाबाचा तो ओळखीचा वास बनवण्यात ‘एनयूडीएक्स१’ या एन्झाइमचा मोठा हात असतो. बिनवासाच्या जातींत त्याचं काम जवळपास थंडावलेलं असतं. म्हणजे फुलवाला फसवत नाही, फुलाकडेच वास बनवायची यंत्रणा झोपलेली असते.

इथे एंट्री आमच्या मामेभावाची. हिंजवडीतला आयटीवाला, कंपनीने ऑनसाइट बर्मिंगहॅमला पाठवलेला. तिथून जवळच आल्ब्रायटन नावाच्या गावात डेव्हिड ऑस्टिन यांची गुलाबाची बाग आहे. एका रविवारी सगळे मॉलमध्ये गेले तेव्हा हा तिकडे गेला. (मला अजूनही वाटतं की कुणीतरी मुलगी बरोबर होती. असो.) ऑस्टिन १९२६ साली जन्मलेले, २०१८ मध्ये वारले. शेतकऱ्याचा मुलगा. त्यांचं म्हणणं साधं होतं. जुन्या गुलाबांना वास आणि गुबगुबीत आकार होता पण ते बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. नवे गुलाब पुनःपुन्हा फुलतात, रंगही भरपूर, पण वास कमी आणि झाड काठीसारखं. दोघांचं लग्न लावलं तर? १९६१ साली त्यांचा पहिला गुलाब ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ आला आणि पुढे दोनशेच्या वर जाती. झुडपासारखं झाड, म्हणून त्यांना श्रब रोझ म्हणतात. त्यात जर्दाळू रंगाचे बरेच. ‘अब्राहम डार्बी’ १९८५चा, ‘एव्हलिन’ १९९१चा, ‘लेडी एमा हॅमिल्टन’ २००५चा. आणि ‘ज्युलिएट’, जो २००६च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये आला तेव्हा त्याला घडवायला १५ वर्षं आणि तीस लाख पौंड लागल्याची चर्चा झाली. तो मात्र फुलदाणीचा गुलाब, बागेतल्या झुडपाचा नव्हे.

भाऊ ‘अब्राहम डार्बी’च्या फुलाला नाक लावून आला आणि त्याच रात्री पहूरला व्हिडिओ कॉल. “बाबा, आईसाठी हा.”

ऑनसाइट जाणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. सूटकेसमध्ये कपड्यांच्या घड्यांत फांदी लपवून आणायचा विचार डोक्यात येतोच. आणू नका. २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे झाडं-कलमं आणायला आधी परमिट लागतं, त्या देशाचा आरोग्याचा दाखला लागतो. हा नुसता सरकारी ताप नाही. एका फांदीबरोबर रोग आणि कीड फुकटात येते. भावाने आणलं नाही. भारतातल्या एका नर्सरीकडून ऑनलाइन मागवलं. डिसेंबर २०२२मध्ये कुरिअरने एक खोकं आलं. आत नारळाच्या भुशात गुंडाळलेली मुळं आणि वर तीन काटेरी काड्या. लेबलवर ‘अब्राहम डार्बी’. मामींनी बघितलं आणि विचारलं, “ह्या काड्यांचे किती पैसे दिले?” आकडा आजतागायत त्यांना कुणी सांगितलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पहूरच्या काळ्या मातीत हा गडी कसा जगला?

पहिली गोष्ट माती. कपाशीची काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून गुलाबाची मुळं कुजतात. त्यामुळे मामांनी खड्डा करण्याऐवजी जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच गादीवाफा बांधला. नदीचा पोयटा, थोडा मुरूम, कुजलेलं शेणखत, मूठभर हाडांचा चुरा आणि निंबोळी पेंड. पेंड वाळवीसाठी; खानदेशात वाळवी लाकडी चौकट सोडत नाही, गुलाबाचा खुंट काय चीज आहे. कलम भरलेला डोळा मातीच्या वर ठेवला. इंग्लंडमध्ये तो जमिनीखाली पुरतात, कारण तिथे भीती बर्फाची. आपल्याकडे भीती वेगळी. डोळ्याखालच्या रानटी खुंटाला फुटवे येतात आणि ते मूळ झाडाला खाऊन टाकतात. असा फुटवा दिसला की कात्रीने कापायचा नाही, माती उकरून मुळापासून ओढून काढायचा. ऑस्टिनची वेबसाइट वाचून जे पुण्या-मुंबईत डोळा मातीत गाडतात त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

दुसरी गोष्ट लोह. पहिल्याच फेब्रुवारीत नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. आपली काळी जमीन चुनखडीची, त्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. गंमत बघा, अब्राहम डार्बी हे नाव इंग्लंडमधल्या लोखंडवाल्या घराण्याचं. पहिल्या अब्राहम डार्बीने १७०९ साली दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवून दाखवलं, आणि त्याच्या नातवाने, तिसऱ्या अब्राहमने, सेव्हर्न नदीवर लोखंडी पूल बांधला. त्याच्या नावाचं झाड पहूरला येऊन लोहाअभावी पिवळं! मामांनी आधी हिराकस दिलं, तेवढ्याने भागलं नाही. मग चिलेटेड लोह पाण्यातून दिलं आणि पंधरा दिवसांत नवी पालवी हिरवी आली.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट पाणी. इथे घरात खरंखुरं भांडण झालं. मे महिन्यात नळाला पाणी रोज येत नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात. त्यात कुणी शोभेच्या झाडाला बादली ओतली तर गल्लीत चर्चा होणारच. “माणसांले प्यायले नाही आन् ह्याले न्हायले पाणी!” हे शेजारच्या आजींनी तोंडावर सांगितलं. मला विचाराल तर आजींचं चूक नव्हतं. मामींचंही मत तेच होतं. झाड ज्यांच्यासाठी, त्याच म्हणाल्या, “मरू द्या त्याले. माझ्या नाकापायी पाणी घालवू नका.”

मामांनी उत्तर काढलं ते खास जळगावी. ठिबक. भारतातल्या ठिबक सिंचनाचं घराघरांत पोचलेलं नाव म्हणजे भवरलाल जैन, आणि त्यांचं जन्मगाव वाकोद इथून अजिंठ्याच्या वाटेवर हाकेच्या अंतरावर. म्हणजे पहूरकरांना ठिबक शिकवायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. शेतातल्या जुन्या नळीचे दोन ड्रिपर आणि भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याचा डबा उंचावर ठेवलेला, बस. साबणाचं पाणी चालत नाही. वर केळीच्या वाळक्या पानांचं जाड आच्छादन, म्हणजे ओल उडत नाही. दिवसाआड एक बादली, तीही स्वयंपाकघरातून आलेली. आजींची तक्रार तिथे थांबली. आता त्याच आपल्या घरातलं तांदळाचं धुवण घेऊन येतात.

जागा निवडताना मामांनी कडुनिंबाची पूर्वेची बाजू धरली. सकाळचं ऊन पाच-सहा तास, दुपारनंतर सावली. एप्रिलच्या मध्यापासून जूनचा पाऊस येईपर्यंत वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट. आणि एक पथ्य, उन्हाळ्यात कात्री हातात घ्यायची नाही. पानं म्हणजे झाडाची छत्री. ती कापलीत तर ऊन थेट फांदीला भाजतं आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. कळ्या आल्या तर खुडून टाकायच्या. मे महिन्यात झाडाकडून फूल मागायचं नाही, त्याने फक्त तग धरायचा.

मागितलं तरी काय मिळतं ते मी पाहिलंय. मेमध्ये एक कळी नजरेतून सुटली होती, तिचं फूल झालं रुपयाएवढं. रंग पांढुरका, कडा जळालेल्या, वास नाही. जर्दाळूचा पत्ताच नाही. मला वाटलं, नर्सरीवाल्याने भलतंच झाड दिलं. तसं नव्हतं. हा रंग दोन वेगळ्या द्रव्यांचा मिळून होतो. पिवळा कॅरोटिनॉइडचा, गुलाबी अँथोसायनिनचा. कडक उन्हात पिवळा लवकर विटतो, आणि गुलाबी भरायला थंडी लागते. दोन्ही गेले की उरतो मळका पांढरा. वासाचंही तसंच. तो उडून जाणाऱ्या तेलांचा. एवढ्या उष्णतेत ती फुलात टिकत नाहीत. म्हणजे कॅटलॉगमधला तो रंग आणि तो वास झाडाचा जितका, तितकाच हवेचा. पहूरच्या हवेकडे ही जादू वर्षातून फक्त अडीच-तीन महिने असते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचा अर्धा.

बाकी नऊ महिने सांभाळ, तीन महिने फूल. हा हिशोब ज्याला पटतो त्यानेच हे झाड लावावं. वर्षभर रंग हवा असेल तर बोगनवेल आहे की!

या तीन महिन्यांची तयारी दसऱ्याला सुरू होते. पाऊस संपला, रात्री जरा गार झाल्या की छाटणी. आपल्याकडचे गुलाबवाले नेहमीच्या टोकदार कळीच्या गुलाबाची अर्ध्याहून जास्त छाटणी करतात. श्रब गुलाबाला तसं करायचं नाही; वाळकी, आत वळलेली, बारीक काडी काढायची आणि बाकी एक तृतीयांश. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पहिला बहर. शिवाय उष्ण प्रदेशात हे झाड इंग्लंडपेक्षा दांडगं होतं. मामांच्या झाडाने पहिल्या पावसाळ्यात सहा-सात फुटी फांद्या टाकल्या, जणू वेलच. त्या कापल्या नाहीत, आडव्या वाकवून सुतळीने कमानीसारख्या बांधल्या. फांदी उभी असली की सगळा जोर शेंड्याला, फूल एकच. आडवी केली की प्रत्येक डोळा जागा होतो. द्राक्षवाल्यांना आणि वेल मांडवावर चढवणाऱ्या आपल्या आज्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे.

रोग-किडीचं थोडक्यात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके, थंडीत भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी. लाल कोळ्याला पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा, बाकीला निंबोळी अर्क आणि गळलेली पानं उचलून जाळणं. काळ्या ठिपक्यांचा आणि या रंगाचा मात्र जुना संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत बागेतल्या गुलाबात झळझळीत पिवळा फारसा नव्हता. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी इराणकडच्या एका पिवळ्या गुलाबाशी संकर करून १९०० साली ‘सोलेय दॉर’ आणला, आणि आजचे बहुतेक पिवळे, केशरी गुलाब त्याचे वंशज. त्या इराणी गुलाबाचं शास्त्रीय नाव ‘रोझा फेटिडा’. फेटिडा म्हणजे घाण वासाचा! त्याने रंग दिला, आणि हुंड्यात काळ्या ठिपक्यांचा रोग दिला. तेव्हा जर्दाळू रंग आणि सुवास एकाच फुलात आणणं म्हणजे घाण वासाच्या पणजोबांवर मात करणं आहे.

पण याच्या आधीही एक मऊ, सायीतला जर्दाळू रंग होता, आणि त्याला वासही होता. तो चहाच्या गुलाबांचा. टी रोझ. चीनमधून १८०९ आणि १८२४ साली युरोपात पोचलेल्या दोन झाडांपासून हा वंश सुरू झाला. ‘साफ्रानो’ १८३९चा, ‘लेडी हिलिंग्डन’ १९१०चा. (विलिंग्डन नव्हे हं, मुंबईकरांनो, हिलिंग्डन.) यांच्या पूर्वजांपैकी एक आहे ‘रोझा जायगँशिया’ हा राक्षसी रानटी वेल, जो आपल्या मणिपूरच्या डोंगरात वाढतो. जॉर्ज वॉट या स्कॉटिश माणसाने तो १८८०च्या दशकात तिथे टिपला. कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन या जोडप्याने हाच धागा पकडला. विरू यांनी आयएएसची नोकरी मुदतीआधी सोडली आणि उष्ण देशांना मानवतील असे गुलाब घडवायला घेतले, मणिपूरचा हा वेल आणि बंगाल-बिहारच्या पाणथळ काठांवर उगवणारा ‘रोझा क्लिनोफिला’ वापरून. त्यांच्या ‘अंबर क्लाउड’ या वेलीचा रंगही याच कुळातला. मला विचाराल तर पहूर, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाने आधी चहाचा गुलाब शोधावा, मग इंग्लंडकडे बघावं. त्याला आपली हवा जास्त मानवते. मामांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “भाचीबाई, ज्याच्यासाठी पोरगा परदेशातून रडला ते झाड सोडू का आता?” विषय संपला.

तर, २०२३च्या डिसेंबरात पहिला खरा बहर आला. मी पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगाव, तिथून एसटीने पहूर असा प्रवास करून मुद्दाम गेले होते. सकाळी साडेसातला अंगणात धुकं, आणि कमानीवर अकरा फुलं. मधोमध गडद, पपईसारखी, कडेला जाताना गुलाबी होत फिकट. वास सांगणं कठीण आहे. पिकलेल्या फळाचा, मागे लिंबाची साल, आणि त्याच्याही मागे आपल्या गावठी गुलाबाचा तो गुलकंदी गोडवा. ऊन वर चढलं तशी दहाच्या सुमारास त्याची धार गेली. वास घ्यायचा तर आठ ते नऊ.

मामांनी यावरही एक पद्धत बसवली होती. झाडावर फूल असेल त्या सकाळी मामींनी डोळे मिटायचे. समोर दोन वाट्या. एकीत बाजारातला बिनवासाचा गुलाब, दुसरीत घरचा. कुठला कुठला ते सांगायचं. उत्तर बरोबर आलं तर कालनिर्णयवर टिकमार्क, चुकलं तर फुली. वैज्ञानिक चाचणी वगैरे नाही, घरगुती खेळ. पहिल्या हिवाळ्यात २२ दिवसांत १३ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं, हे मी मनात म्हटलं, तोंडाने नाही. मामा हिशोबाचे पक्के, त्यांनाही ते कळलं असणार. त्यांनी कॅलेंडर गुंडाळून कपाटात ठेवलं आणि झाडाला शेणखत घातलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात फुलं जास्त होती. ३४ दिवस, २७ बरोबर. हे गुलाबामुळे, व्यायामामुळे की आपोआप, कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. मामींना मी विचारलं, कसा वाटतो वास? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, “गुलाबासारखा नाही वाटत. कैरीसारखा वाटतो. पण काहीतरी वाटतो.” मग उठून चुलीकडे जाताना म्हणाल्या, “आधी भरिताचा यायले पाहिजे होता. हे फूल काय खायचं आहे का?”

भरिताचा अजून आलेला नाही. दूध उतू जायच्या आधीचा वास मात्र कधी कधी येतो म्हणतात. गॅसचा येतो का हे तपासून बघायची कुणाची हिंमत नाही. मामा अजूनही रात्री उठतात, पण आता एकदाच.

यंदाच्या छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांची मामांनी सात छाट कलमं लावलीत, अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या कॅनमध्ये, वर प्लॅस्टिकची पिशवी. त्यातली पाच फुटलीत. एक शेजारच्या आजींची, एक भावाची, आणि एक माझ्या नावाने, चिठ्ठी लावून. माझ्या बाल्कनीत पश्चिमेचं ऊन आहे, हे मामांना पसंत नाही. कुंडी चौदा इंचांपेक्षा लहान घेऊ नकोस, तळाला भोकं चार हवीत, आणि पहिलं वर्ष फूल धरू देऊ नकोस, असं बजावून झालंय. कलम घ्यायला मी पुढच्या महिन्यात जातेय. येताना रेल्वेत ते मांडीवर घेऊन बसावं लागणार आहे.